‘दोष आढळला नाही’ या वाक्याचा अर्थ

छापखान्यात मी एकवीस वर्षे मुद्रिते तपासली. त्या कामातला सर्वांत मोठा धडा पहिल्याच वर्षी मिळाला. एका ग्रंथाच्या शेवटच्या प्रुफांवर ‘तपासले, चूक नाही’ असे लिहून मी सही केली. पुस्तक बांधून आले तेव्हा सहाव्या फर्म्यात ढळढळीत चुका निघाल्या. त्या माझ्या नजरेतून सुटल्या कशा? उत्तर साधे होते. सहावा फर्मा माझ्या टेबलावर आलाच नव्हता. माझे वाक्य खोटे नव्हते, कारण मी पाहिलेल्या पानांत खरोखरच चूक नव्हती. पण मालकांनी त्याचा अर्थ ‘पुस्तकात चूक नाही’ असा घेतला. तो तसा घेतला जाणार हे मला कळायला हवे होते.

ही आठवण सांगण्याचे कारण असे की, गेली काही वर्षे मी ज्या विषयाच्या नादी लागले आहे त्यातला मध्यवर्ती प्रश्न नेमका हाच आहे. संगणकशास्त्राची पदवी माझ्याकडे नाही. चाळिशी उलटल्यावर, मुलाच्या जुन्या संगणकावर आणि उसन्या पुस्तकांवर मी प्रोग्रॅमिंग शिकले. मुद्रितशोधकाला दुसऱ्याच्या लिखाणातल्या चुका शोधण्याची खोड असतेच, त्यामुळे कोडमधल्या चुका शोधणाऱ्या यंत्रांकडे ओढले जाणे स्वाभाविक होते. या यंत्रांना ‘स्थिर विश्लेषण साधने’ म्हणतात. प्रोग्राम न चालवता, नुसता वाचून ती त्यातले दोष सांगतात. चुका शोधणारे हे यंत्रच चुकते तेव्हा ती चूक कशी शोधायची, हा या लेखाचा विषय. उदाहरणासाठी मी एडा ही भाषा घेतली आहे. ती का, ते आधी सांगते.

कवीच्या मुलीचे नाव

एडा लव्हलेस ही कवी बायरनची मुलगी. जन्म १० डिसेंबर १८१५. चार्ल्स बॅबेज यांच्या नियोजित गणनयंत्रावर तिने लिहिलेल्या विस्तृत टिपा १८४३ मध्ये प्रसिद्ध झाल्या आणि त्यांमुळे ती पहिल्या प्रोग्रामकारांत गणली जाते. १९७० च्या दशकात अमेरिकेच्या संरक्षण खात्याला एका वेगळ्याच अडचणीने घेरले होते. त्यांच्या विमानांत, क्षेपणास्त्रांत, रडारांत बसवलेल्या संगणकांसाठी शेकडो वेगवेगळ्या भाषा व बोली वापरल्या जात होत्या, आणि एका यंत्रासाठी लिहिलेले दुसऱ्याला उपयोगी पडत नव्हते. त्यांनी नव्या भाषेसाठी स्पर्धा घेतली. झाँ इश्बिया यांच्या फ्रान्समधील गटाचा आराखडा निवडला गेला, भाषेला एडाचे नाव मिळाले आणि तिच्या मानकाला तिच्या जन्मवर्षाचा, १८१५ हा क्रमांक.

या भाषेचा स्वभाव शिस्तीचा आहे. ‘वय’ नावाचा प्रकार करायचा तर तो ० ते १२० असा मर्यादेसह जाहीर करता येतो. मग चुकून कुणी त्यात १५० घातले, तर प्रोग्राम चालता चालता ‘अपवाद’ उभा करतो, म्हणजे हात वर करून थांबतो. शिवाय प्रत्येक घटकाचे दोन भाग असतात. एक बाहेरच्यांना दाखवायचा जाहीरनामा आणि दुसरा आतली प्रत्यक्ष कृती. जाहीरनामा वाचून दुसरा गट आपले काम सुरू करू शकतो. या शिस्तीमुळे एडा विमाने, रेल्वे, अवकाशयाने अशा ठिकाणी रुजली, जिथे चुकीची किंमत पैशांत मोजून भागत नाही. बोइंग ७७७ या विमानातील बराचसा कोड एडात आहे.

यंत्र वाचते म्हणजे काय करते?

प्रोग्राम चालवून तपासणे म्हणजे विहिरीत चार ठिकाणी काठी घालून खोली बघणे. त्या चार जागांची खोली कळते, बाकीच्या विहिरीबद्दल तर्कच करावा लागतो. स्थिर विश्लेषण सगळ्या शक्यतांबद्दल एकाच वेळी बोलू पाहते. हे पूर्णपणे साधणारे नाही, हे गणिताने आधीच सांगून ठेवले आहे. कोणताही प्रोग्राम थांबेल की नाही हे अचूक सांगणारी सार्वत्रिक रीत असू शकत नाही, असे ॲलन ट्युरिंग यांनी १९३६ मध्ये सिद्ध केले. पुढे १९५३ मध्ये हेन्री राइस यांनी हाच निष्कर्ष प्रोग्रामच्या वागण्याविषयीच्या साऱ्या महत्त्वाच्या प्रश्नांपर्यंत नेला.

मग वाट उरते ती अंदाजाची, पण शिस्तबद्ध अंदाजाची. पॅट्रिक आणि राधिया कूझो या दांपत्याने १९७७ मध्ये मांडलेली पद्धत अशी : आकड्याऐवजी आकड्याची मर्यादा धरून हिशेब करायचा. बाजारात निघालेल्या माणसाच्या खिशात नेमके किती पैसे आहेत ते ठाऊक नाही, पण १०० ते ५०० च्या दरम्यान आहेत एवढे माहीत आहे. त्याने ५० खर्च केले, तर उरले ५० ते ४५०. खिसा रिकामा होणार नाही हे आपण आकडा न पाहताच ठामपणे सांगू शकलो.

या रीतीची एक गोची आहे. त्याच माणसाच्या पैशांतून तेच पैसे वजा केले, तर उत्तर शून्य हे लहान मूलही सांगेल. पण मर्यादांचा नुसता हिशेब म्हणेल : १०० ते ५०० मधून १०० ते ५०० वजा, म्हणजे उणे ४०० ते अधिक ४००. दोन्हीकडची रक्कम एकच आहे, हे त्याच्या ध्यानात राहिलेले नाही. यातूनच खोटे इशारे जन्मतात. साधन जेवढे सावध, तेवढे ते जास्त ओरडते. ओरडणे कमी करायला गेले, की खरे दोष निसटण्याची भीती. म्हणून अशा साधनाच्या दुखण्याच्याही दोनच जाती : अकारण शांतता आणि अकारण गोंगाट.

कुरूच्या आकाशातली चाळीस सेकंदे

हा विषय मला ज्या घटनेने पकडला ती सांगितल्याशिवाय पुढे जाता येत नाही. ४ जून १९९६ रोजी फ्रेंच गयानातील कुरू येथून एरियान ५ हा युरोपचा नवा अग्निबाण प्रथमच उडाला. त्यात ‘क्लस्टर’ मोहिमेचे चार उपग्रह होते. उड्डाणक्रम सुरू झाल्यापासून सुमारे चाळीस सेकंदांत तो वाकला, मोडू लागला आणि त्याने स्वतःला नष्ट केले. गणितज्ञ झाक-लुई लिओंस यांच्या अध्यक्षतेखालील चौकशी मंडळाने १९ जुलैला अहवाल दिला. इतक्या नितळपणे लिहिलेला चौकशी अहवाल मी दुसरा वाचलेला नाही.

बाणाची दिशा आणि गती सांगणारी एक यंत्रणा होती. तिचा प्रोग्राम एडात लिहिलेला होता आणि तो एरियान ४ या आधीच्या, यशस्वी बाणावरून जवळजवळ तसाच उचललेला होता. त्यात आडव्या वेगाशी निगडित एक मोठी दशांश संख्या १६ बिटांच्या पूर्णांकात बसवली जात होती. अशा पूर्णांकात उणे ३२,७६८ पासून ३२,७६७ पर्यंतच संख्या मावते. एरियान ५ चा आडवा वेग एरियान ४ च्या तुलनेत पाचपट झपाट्याने वाढत होता. संख्या मावली नाही, अपवाद उभा राहिला, यंत्रणा बंद पडली. राखीव यंत्रणाही त्याच प्रोग्रामवर चालत होती. ती त्याच कारणाने क्षणभर आधीच बंद पडली होती. बंद पडताना पाठवलेली दोषसूचना मुख्य संगणकाने उड्डाणाची खरी माहिती समजून घेतली आणि इंजिनांची तोंडे पूर्ण वळवली. ज्या हिशेबात हा अपवाद उद्भवला, त्याचा उड्डाणानंतर एरियान ५ ला काडीचाही उपयोग नव्हता. एरियान ४ च्या गरजेपोटी तो चालू ठेवलेला होता.

इथवरची कथा पुष्कळांनी वाचलेली असते आणि तात्पर्य म्हणून ‘चांगले साधन असते तर चूक सापडली असती’ असे सांगितले जाते. अहवाल मात्र वेगळेच सांगतो. चूक सापडलेली होती. अशा धोक्याची सात चले अभियंत्यांनी आधीच ओळखली होती. यंत्रणेच्या संगणकावर ८० टक्क्यांहून अधिक भार पडू नये असे ठरले होते, म्हणून त्यांपैकी चारांनाच संरक्षण दिले. उरलेल्या तिघांची मूल्ये भौतिक कारणांनी मर्यादेतच राहतील किंवा भरपूर अंतर राखून असतील, असा विचार झाला. एरियान ४ च्या उड्डाणांनी तो कधी खोटा पाडला नाही. मात्र या निर्णयामागचे कारण कोडमध्ये कुठेही लिहिलेले नव्हते, आणि एरियान ५ च्या मार्गाची आकडेवारी त्या यंत्रणेच्या मागणीपत्रात घालायची नाही असे सर्वसंमतीने ठरले होते. एका प्रकल्पाचा निष्कर्ष दुसऱ्या प्रकल्पात आला, पण त्याच्या अटी मागेच राहिल्या.

दुर्घटनेनंतर फ्रान्सच्या इन्रिया संस्थेतील संशोधकांच्या मदतीने एरियान ५ चा एडा कोड वर सांगितलेल्या मर्यादांच्या रीतीने तपासण्यात आला, आणि मोठ्या औद्योगिक कोडवर ही रीत वापरता येते हे तेव्हा दिसले. तरीही, अटी हरवण्याचे दुखणे साधन आणल्याने आपोआप जात नाही. ते मी घरीच अनुभवले.

तीन प्रकल्पांचा घरगुती प्रयोग

‘नॅट’ हा एडाचा संकलक न्यूयॉर्क विद्यापीठात जन्मला आणि तो मोफत मिळतो. त्याच कुळातले ‘नॅटप्रूव्ह’ हे साधन एडाच्या ‘स्पार्क’ नावाच्या काटेकोर उपभाषेतला कोड तपासते. मोठे काम एका प्रकल्पात मावत नाही, म्हणून नॅटमध्ये प्रत्येक प्रकल्पाची एक फाइल असते. कोणत्या फोल्डरांतला कोड घ्यायचा, कोणत्या यंत्रासाठी तयार करायचा आणि कोणत्या दुसऱ्या प्रकल्पांवर विसंबायचे, ते तिच्यात लिहितात. ग्रंथमालेतल्या प्रत्येक खंडाची अनुक्रमणिका म्हणावी तशी ही फाइल.

मी तीन छोटे प्रकल्प केले. ‘समाईक’ मध्ये सर्वांना लागणारे संख्याप्रकार, ‘मापन’ मध्ये मोजमापांचे रूपांतर, आणि या दोन्हींवर विसंबणारा ‘मुख्य’. मग ‘मापन’ मध्ये मुद्दाम तीच एरियानची चूक पेरली : मोठी दशांश संख्या, छोटा पूर्णांक, मध्ये कसलीही पडताळणी नाही. ‘मुख्य’ वरून साधन चालवले. एकही इशारा आला नाही.

शोध घेतला तेव्हा कळले की, वेळ वाचावा म्हणून मीच ‘मापन’ च्या प्रकल्प फाइलीत ‘हा बाहेर तयार झालेला आहे’ अशी खूण करून ठेवली होती. अशा प्रकल्पाचा नुसता जाहीरनामा वाचून साधन पुढे जाते, आत शिरत नाही. खूण काढली, पुन्हा चालवले. पुन्हा शांतता. आता ‘मापन’ मधला घटक ‘स्पार्क’ च्या कक्षेत घेतल्याचे मी कुठेच जाहीर केले नव्हते. साधनाने तो वगळला होता आणि वगळल्याची नोंद आपल्या अहवालफाइलीत इमानेइतबारे केलीही होती. मी पडदा पाहत होते, अहवाल वाचला नव्हता. तिसऱ्या खेपेला पेरलेली चूक सापडली, आणि तिच्यासोबत इतर दोन प्रकल्पांतले इशारेही ओळीने आले. सहावा फर्मा टेबलावर आला होता.

शांततेची चौकशी

या प्रयोगानंतर मी एक क्रम ठरवला. साधन ‘दोष नाही’ म्हणाले, की कोडकडे जाण्याआधी साधनालाच चार प्रश्न विचारायचे.

पहिला प्रश्न : काय पाहिलेस? काही साधने हाती दिलेल्या प्रकल्पापुरतेच पाहतात, काही त्याच्या सर्व शाखांत शिरतात, आणि एकाच साधनाला एका शब्दाचा पर्याय दिल्याने हे बदलते. म्हणून फोल्डरांतल्या एडा फाइलींची यादी वेगळी काढायची, साधनाने तपासलेल्या फाइलींची यादी तिच्याशेजारी ठेवायची आणि तफावत शोधायची. हे काम कंटाळवाणे आहे, पण माझ्या अनुभवात सर्वाधिक उत्तरे इथेच मिळतात.

दुसरा : कोणते रूप पाहिलेस? प्रकल्प फाइलीत ‘चाचणीसाठी’ आणि ‘प्रत्यक्ष वापरासाठी’ असे पर्याय ठेवता येतात, आणि त्यांनुसार एकाच घटकाची वेगवेगळी कृती निवडली जाते. पर्याय सांगितलाच नाही, तर फाइलीत ठरवून दिलेला धरला जातो. तपासणी चाचणीच्या रूपाची झाली आणि विमानात दुसरेच रूप गेले, तर त्या तपासणीला अर्थ काय? एकाच घटकाच्या दोन प्रती दोन प्रकल्पांत पडून असतील, तर कोणती उचलली गेली हेही इथेच विचारायचे. मागच्या खेपेची मधली उत्पादने शिल्लक असतील, तर ती पुसून नव्याने चालवायचे, म्हणजे शिळ्या निष्कर्षाची शंका उरत नाही.

तिसरा : कोणत्या यंत्रासाठी? एडाच्या ‘इंटिजर’ या प्रकाराची रुंदी भाषेने पक्की केलेली नाही, तो किमान १६ बिटांचा हवा इतकेच बंधन आहे. टेबलावरच्या संगणकात तो सहसा ३२ बिटांचा असतो, लहान उपकरणात १६ चा असू शकतो. अंतिम यंत्र कोणते ते सांगितले नाही, तर नॅटप्रूव्ह आपण चालवत असलेलाच संगणक गृहीत धरते. टेबलावर मावलेली संख्या तिथे मावेलच असे नाही.

चौथा : सीमेपलीकडचे काय मानलेस? ज्या घटकाची कृती साधनाला दिसत नाही, त्याच्याबद्दल ते जाहीरनाम्यावर विश्वास ठेवते. २०१२ च्या एडा मानकाने जाहीरनाम्यात पूर्वअट आणि उत्तरअट लिहिण्याची सोय दिली. हाक मारणाऱ्याने काय पाळायचे आणि बदल्यात त्याला काय मिळेल, हे त्यात येते. पण पलीकडच्या प्रकल्पात ते वचन कुणी तपासलेच नसेल, तर इकडचे निर्दोषत्व उधारीचे आहे.

चारही उत्तरे समाधानकारक आली, तरी एक शेवटची परीक्षा मी घेते. प्रत्येक प्रकल्पात एकेक ओळखीची चूक पेरायची, साधन चालवायचे आणि सगळ्या चुका परत मिळतात का ते मोजायचे. न सापडलेली प्रत्येक चूक एक न पाहिलेला कोपरा दाखवते. मग पेरलेले सगळे उपटून काढायचे, हे अर्थातच विसरायचे नाही.

गोंगाटाची चौकशी

गोंगाटाचे दुखणे उलट्या बाजूचे. इशाऱ्यांचा ढीग पडला, की माणूस थकतो आणि ते सरसकट दाबून टाकतो. सरसकट दाबणे हे शांततेचे दुखणे स्वहस्ते ओढवून घेणे आहे.

माझ्या प्रयोगात आलेले बहुतेक इशारे एकाच मुळातून फुटले होते. ‘समाईक’ मध्ये वेगासाठी मी मर्यादा नसलेला साधा दशांश प्रकार वापरला होता. वेग किती असू शकतो हे मला माहीत होते, साधनाला नव्हते. त्यामुळे तो जिथे जिथे वापरला, तिथे तिथे साधन ओरडत होते. ‘समाईक’ मध्ये त्या प्रकाराला मर्यादा घातली आणि दुसऱ्या दोन प्रकल्पांतले बरेचसे इशारे कोडला हात न लावता गळून पडले. म्हणून इशारे एकेक करून न सोडवता आधी एका जागी मांडून पाहावेत. एकाच चलाकडे किंवा एकाच सीमेकडे बोट दाखवणारे अनेक इशारे असतील, तर तिथे न सांगितलेली एखादी गोष्ट असते.

एवढे करूनही काही इशारे उरतात. त्यांपैकी काही खरेच खोटे असतात, काहींबाबत धोका पत्करायचे ठरते. नॅटप्रूव्हमध्ये असा इशारा मान्य करताना त्याच ओळीजवळ, कोडमध्येच, कारण लिहिण्याची सोय आहे. तिथे नुसते ‘ठीक आहे’ लिहिता येते. पण लिहायला हवे ते असे : ‘या बाणाचा आडवा वेग अमुक मर्यादेपलीकडे जात नाही म्हणून ठीक आहे.’ पहिले वाक्य दुसऱ्या प्रकल्पात नेले तरी निमूट राहते. दुसरे वाक्य नव्या वाचकाला विचारते, ‘तुमच्या बाणाचे काय?’ एरियान ४ च्या अभियंत्यांकडे कारण होते, आणि त्यांच्या बाणापुरते ते बरोबरही ठरले. ते त्या ओळीपाशी लिहिलेले असते, तर नव्या बाणासाठी तो प्रोग्राम उचलताना निदान कुणाला तरी अडखळायला झाले असते.

कुठलाही कोड एका प्रकल्पातून दुसऱ्यात नेताना म्हणून मी आता तीन गोष्टी सोबत नेते : कोड, मान्य केलेल्या इशाऱ्यांची कारणे आणि कोणत्या रूपाची, कोणत्या यंत्रासाठी, कुठवर तपासणी झाली याची नोंद. नव्या ठिकाणी तपासणी नव्याने करते. जुनी नोंद काय विचारायचे ते सांगते, उत्तर देत नाही.

क्लस्टरचे चार उपग्रह पुन्हा बांधण्यात आले आणि २००० साली, यावेळी रशियन सोयूझ बाणांवरून, जोडीजोडीने अवकाशात गेले. सूर्याकडून येणाऱ्या कणांचा आणि पृथ्वीच्या चुंबकीय कवचाचा अभ्यास त्यांनी पुढे वीसहून अधिक वर्षे केला.

मी अजूनही अधूनमधून ओळखीच्यांची मुद्रिते तपासून देते. ‘चूक नाही’ असे लिहिणे सोडले आहे. शेवटच्या पानावर मी लिहिते : ‘फर्मे १ ते ५ आणि ७ ते १४ पाहिले. फर्मा ६ मिळालेला नाही.’